‘रेडी’ आलं, तरी पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू होत नाही

प्रश्न: रुफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्राममध्ये उबंटू लिनक्सची आयएसओ फाइल (इन्स्टॉलरची पूर्ण इमेज) निवडली. मध्येच ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ असं विचारलं, त्यात डीडी दिलं. शेवटी नुसतं ‘रेडी’ आलं, म्हणून पुन्हा एकदा स्टार्ट दाबलं. आता लॅपटॉप त्यावरून चालू होत नाही. पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला तर ‘फॉरमॅट करा’ म्हणतो आणि ३२ जीबीच्या जागी फक्त पाच एमबी दिसतात. पेनड्राइव्ह गेला का? रुफस सोडून एचर किंवा व्हेंटॉय हे दुसरं टूल वापरू का?

उत्तर:

पेनड्राइव्ह गेलेला नाही. पाच एमबी दिसणं आणि ‘फॉरमॅट करा’ ही पाटी येणं, दोन्ही डीडी मोडमध्ये ठरलेलंच असतं. त्या पाटीवर ‘फॉरमॅट डिस्क’ दाबलं असेल तर मात्र लिहिलेलं पुसलं गेलं, पुन्हा लिहावं लागेल. टूल बदलून फारसं हाती लागणार नाही. तुम्ही जिथे जिथे अडलात, तिथे जवळपास सगळीच टूल्स माणसाला तोंडघशी पाडतात.

या सगळ्या टूल्सची मूळ अडचण अशी की काम होतं एका मशीनवर आणि निकाल लागतो दुसऱ्या मशीनवर. हा पेनड्राइव्ह उद्या कोणत्या लॅपटॉपला लागणार, त्यात मशीन सुरू करणारा जुना बायोस आहे की त्याच्या जागी आलेला यूईएफआय, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलेच बूट प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू आहे की बंद, यातलं रुफसला काहीच माहीत नसतं. म्हणून तो तुम्हाला विचारतो, आणि विचारतो तेही पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, भाषेत. उत्तर माहीत नसलेला माणूस मग कुठल्यातरी व्हिडिओत पाहिलेलं निवडतो. शेवटी जी हिरवी पट्टी येते, तिचा अर्थ फक्त ‘लिहून झालं’ एवढाच. ‘बूट होईल’, म्हणजे मशीन त्यावरून सुरू होईल, अशी हमी त्यात कुठेही नाही.

आधी ‘रेडी’चं बघू, कारण यावर सगळ्यात जास्त लोक अडतात. रुफस उघडून आयएसओ निवडली की खालच्या पट्टीत ‘रेडी’ लिहिलेलं असतं, म्हणजे ‘सुरू करायला तयार’. काम संपल्यावरही त्याच पट्टीत तोच शब्द येतो, म्हणजे ‘झालं, आता पुढचं घ्यायला तयार’. फरक फक्त रंगाचा: आधी पट्टी रिकामी, नंतर पूर्ण हिरवी. ‘काम यशस्वी झालं’ असा संदेश येत नाही, खिडकीही आपोआप बंद होत नाही. त्यामुळे काम सुरूच झालं नाही असं वाटून लोक पुन्हा स्टार्ट दाबतात आणि तेच काम आणखी दहा मिनिटं चालतं. यात नुकसान वेळेचंच, दुसऱ्यांदा लिहिल्याने काही बिघडत नाही. हिरवी पट्टी आणि ‘रेडी’ दिसलं की ‘क्लोज’ दाबा, पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा, झालं.

आता त्या पाटीबद्दल. डीडी मोडमध्ये आयएसओ फाइल जशी आहे तशी, बाइटला बाइट, पेनड्राइव्हवर उतरते. विंडोजला ओळखता येईल अशी त्यातली एकच जागा असते, ती म्हणजे बूटसाठी लागणारं काही एमबींचं ईएफआय पार्टिशन. तेच तुम्हाला पाच एमबी म्हणून दिसतंय. बाकीचा भाग लिनक्सच्या उपयोगाचा असतो. विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून तो ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असं म्हणतो, आणि ‘फॉरमॅट डिस्क’ हे बटण समोर ठेवतो. तिथे ‘कॅन्सल’च दाबायचं. मॅकवरही हीच गंमत आहे: ‘ही डिस्क वाचता येत नाही’ म्हणून इनिशियलाइझ, इग्नोअर आणि इजेक्ट अशी तीन बटणं येतात. तिथे इजेक्ट घ्यायचं. एचरने लिहिलेल्या पेनड्राइव्हलाही ही पाटी येते, कारण पाटी टूलची नसून ऑपरेटिंग सिस्टमची असते. पण दोष टूलचाही आहेच. लिहून झाल्यावर ‘आता अशी पाटी येईल, कॅन्सल करा’ एवढं एक वाक्य दाखवलं तर हजारो लोकांचा वेळ वाचेल. फेडोरा मीडिया रायटर इथे शहाणा निघाला. लिहिलेला पेनड्राइव्ह पुन्हा लावला की तो तुमच्यासमोर ‘रिस्टोअर’चा पर्याय ठेवतो, म्हणजे पेनड्राइव्ह पूर्ववत करता येतो हे माणसाला कळतं तरी.

तुमचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह नंतर पूर्ववत करायचा असेल तर रुफसच उघडा, ‘बूट सिलेक्शन’मध्ये ‘नॉन बूटेबल’ निवडा, फाइल सिस्टम एक्सफॅट किंवा फॅट३२ ठेवा आणि स्टार्ट दाबा. एक्सप्लोररमधून फॉरमॅट मारून उपयोग नाही. तिथे फक्त ते पाच एमबीचं पार्टिशन फॉरमॅट होतं आणि पेनड्राइव्ह पाच एमबीचाच राहतो. रुफस चालत नसेल तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिस्कपार्ट’ सुरू करा आणि क्रमाने हे द्या: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क २, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, मग एक्सफॅटमध्ये क्विक फॉरमॅट, शेवटी असाइन. यातला २ हा आकडा तुमच्या यादीतला हवा, आकारावरून ओळखलेला. आकडा चुकला तर ‘क्लीन’ कुठलाही प्रश्न न विचारता दुसऱ्याच डिस्कचं पार्टिशन टेबल उडवतो. म्हणूनच आधी रुफस सुचवला.

यावरून सगळ्यात धोक्याची जागा आली: डिव्हाइस निवडणं. बाकीच्या चुका फार तर अर्धा तास खातात. ही चूक लग्नाचे फोटो घेऊन जाते. मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलमध्ये यादीत ड्राइव्हचं अक्षर आणि नाव दिसतं. घरात दोन पेनड्राइव्ह एकाच कंपनीचे असतील तर त्यावरून काय ओळखणार? रुफस आकारही दाखवतो, ते बरं. पण बॉक्सवरचे ३२ जीबी एक्सप्लोररमध्ये २८-२९ जीबी दिसतात, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत. म्हणून आकडे जुळले नाहीत तरी घाबरू नका, जवळपासचा आकार बघा. रुफस बाहेरच्या हार्डडिस्क मुद्दामच लपवतो. ‘लिस्ट यूएसबी हार्ड ड्राइव्हज’ हा पर्याय ‘ॲडव्हान्स्ड’च्या आत बंद असतो, तो बंदच राहू द्या. पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून लोक ही टिक करतात आणि यादीत बॅकअपची एक टीबीची डिस्क येऊन बसते. एचर मोठ्या ड्राइव्हला आणि सिस्टम ड्राइव्हला वेगळी खूण लावतो, त्या खुणा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सगळ्यात खात्रीचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाहीच: लिहायला बसण्याआधी बाकीचे सगळे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, बाहेरची हार्डडिस्क ओढून काढा. यादीत एकच नाव उरलं पाहिजे. ते जमत नसेल तर एक्सप्लोररमध्ये पेनड्राइव्हला आधी ‘पुसायचा’ असं काहीतरी नाव द्या. स्टार्ट दाबल्यावर मोठ्या अक्षरांत ‘सर्व डेटा नष्ट होईल’ अशी सूचना येते आणि तिच्यात डिव्हाइसचं नाव असतं. दर वेळी तीच सूचना येत असल्याने डोळ्यांना तिची सवय होते आणि बोट आपोआप ओकेवर जातं. निदान नाव तरी वाचा. पेनड्राइव्हवर एकापेक्षा जास्त पार्टिशन असतील तर रुफस वेगळी सूचना देतो. लिनक्सच्या जुन्या पेनड्राइव्हला ती येणं ठीक, पण नव्या कोऱ्या पेनड्राइव्हला आली तर डिव्हाइस चुकलंय का ते पुन्हा बघा.

आता पार्टिशन स्कीम आणि टार्गेट सिस्टम. विंडोज टाकणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी या दोन चौकटींत आहे. पार्टिशन स्कीममध्ये एमबीआर किंवा जीपीटी (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी आणि नवी पद्धत) असा पर्याय असतो, आणि त्यानुसार टार्गेट सिस्टम आपोआप बदलतं. विंडोजच्या आयएसओसाठी एमबीआर निवडलं तर टार्गेटला ‘बायोस किंवा यूईएफआय-सीएसएम’ येतं, जीपीटी निवडलं तर ‘यूईएफआय, सीएसएमशिवाय’. इथे लोकांचा दुहेरी गोंधळ होतो. पहिला, सीएसएम म्हणजे काय हे ठाऊक नसतं. यूईएफआय मशीनने जुन्या बायोसचं सोंग घ्यायची सोय म्हणजे सीएसएम, आणि अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये ती नसतेच. म्हणजे तिथे एमबीआरवाला विंडोजचा पेनड्राइव्ह बूट मेन्यूत दिसणारच नाही. दुसरा गोंधळ जास्त खोल आहे: ही चौकट पेनड्राइव्हबद्दल आहे, लॅपटॉपच्या आतल्या डिस्कबद्दल नाही. पण लोक आपल्या डिस्कवर जीपीटी आहे का ते तपासून तसंच इथे निवडतात. बहुतेक वेळा उत्तर बरोबर येतं, पण चुकीच्या कारणाने, आणि एखाद्या दिवशी दगा देतं.

नेमकं करायचं काय? ज्या मशीनवर विंडोज टाकायचं त्यावर सध्याचं विंडोज चालत असेल तर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. उजवीकडच्या यादीत ‘बायोस मोड’ अशी एक ओळ असते. तिथे ‘यूईएफआय’ असेल तर जीपीटी, ‘लेगसी’ असेल तर सहसा एमबीआर. मशीन चालूच होत नसेल तर वयावरून अंदाज घ्या: विंडोज ८ किंवा त्यानंतरचं विंडोज कारखान्यातूनच टाकून आलेला लॅपटॉप जवळपास नक्की यूईएफआय असतो, दहा-पंधरा वर्षं जुना असेंबल केलेला डेस्कटॉप कदाचित नसेल. विंडोज ११ला यूईएफआय लागतंच, त्यामुळे त्यासाठी जीपीटी. रिपेअरिंगच्या दुकानात दोन्ही प्रकारची मशीनं येतात. तिथे रुफसमध्ये ऑल्ट आणि ई दाबून दुहेरी मोड चालू करता येतो, मग एमबीआरचाच पेनड्राइव्ह दोन्हीकडे चालतो. हा पर्याय कुठल्याही मेन्यूत दिसत नाही. मला विचाराल तर नवख्यापासून तो लपवला ते ठीकच, पण रोज हे काम करणाऱ्याला तो शोधूनही सापडू नये हे काही बरं नाही. लिनक्सच्या बहुतेक आयएसओंना ही कटकट नसते. एमबीआर ठेवलं तरी टार्गेटमध्ये ‘बायोस किंवा यूईएफआय’ येतं आणि दोन्हीकडे बूट होतं.

इन्स्टॉल करताना येणारी ‘या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, ईएफआय सिस्टमवर विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येतं’ ही सूचना पाहून लोक पेनड्राइव्ह पुन्हा बनवायला बसतात. पेनड्राइव्हची त्यात काही चूक नसते. मशीन यूईएफआय मोडमध्ये बूट झालं आणि आतली डिस्क मात्र एमबीआर आहे, एवढंच ती सांगते. डिस्कवरचा डेटा हवा असेल तर ती पुसू नका. आतलं जुनं विंडोज चालू करून ‘एमबीआर२जीपीटी’ वापरा, ते विंडोज १०मध्ये २०१७पासून येतं आणि डेटा न पुसता रूपांतर करतं. तरीही बॅकअप आधी घ्या.

फाइल सिस्टमची चौकटही अशीच गळ टाकून बसलेली असते. यूईएफआयला फॅट३२ लागतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि मूळ नियम म्हणून ते खरंही आहे. पण फॅट३२मध्ये एक फाइल ४,२९,४९,६७,२९५ बाइटपेक्षा, म्हणजे चार जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही, आणि विंडोज ११च्या आयएसओतली ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही फाइल त्याहून मोठी असते. म्हणून रुफस स्वतःहून एनटीएफएस निवडतो आणि पेनड्राइव्हच्या शेवटी एक एमबीचं छोटं पार्टिशन ठेवतो. मशीन आधी त्या छोट्या पार्टिशनवरून सुरू होतं आणि तिथला लहानसा प्रोग्राम एनटीएफएस वाचून पुढचं बूट करतो. म्हणून रुफसने एनटीएफएस निवडलं असेल तर त्याला हात लावू नका. बूट मेन्यूत एकाच पेनड्राइव्हच्या दोन ओळी दिसल्या तर त्याचं कारणही हेच, एक चालली नाही तर दुसरी घ्या. मीडिया क्रिएशन टूल ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवतं: विमऐवजी जास्त दाबलेली ईएसडी फाइल घेऊन ते फॅट३२च वापरतं. त्याची किंमत अशी की ६४ जीबीच्या पेनड्राइव्हवर ३२ जीबीचंच पार्टिशन बनतं आणि उरलेला अर्धा पेनड्राइव्ह दिसेनासा होतो. तोही वर सांगितल्याप्रमाणे परत मिळतो.

‘आयएसओ मोड की डीडी मोड’ हा प्रश्न तुमच्यासमोर आला कारण उबंटूची आयएसओ दोन्ही प्रकारे लिहिता येते. आयएसओ मोडमध्ये रुफस पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करतो आणि आतल्या फाइली त्यावर उघडून ठेवतो. पेनड्राइव्ह विंडोजमध्ये नेहमीसारखा दिसतो, उरलेल्या जागेत आपल्या फाइली ठेवता येतात. डीडीमध्ये हूबेहूब नक्कल होते. खिडकीत आयएसओ मोडपुढे ‘शिफारस’ असं लिहिलेलं असतं, आणि ते ऐकावं. आयएसओ मोडचा पेनड्राइव्ह बूट झाला नाही तरच डीडी घ्या. मध्येच ‘काही फाइली इंटरनेटवरून उतरवाव्या लागतील’ असंही विचारलं जाऊ शकतं. लोक व्हायरसच्या भीतीने नाही म्हणतात. आयएसओमधल्या बूटलोडरची (सिस्टम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची) आवृत्ती रुफसजवळच्या आवृत्तीशी जुळत नाही म्हणून तो जुळणारी मागवत असतो, हो म्हणा.

आयएसओ मोडमध्ये एक बारीक खोड आहे. ‘व्हॉल्यूम लेबल’ची चौकट सजावटीची वाटते, म्हणून कोणी तिथे आपलं नाव टाकतं. पण फेडोरासारख्या काही डिस्ट्रो (लिनक्सचे प्रकार) बूट होताना आपली डिस्क त्या लेबलवरूनच शोधतात. लेबल बदललं की अर्ध्यावर ‘अमुक लेबलची डिस्क सापडत नाही’ म्हणून काळ्या पडद्यावर थांबतात. फॅट३२मध्ये लेबल ११ अक्षरांचंच बसतं, आयएसओमधलं त्याहून लांब असू शकतं. रुफस त्याची जुळवाजुळव स्वतः करतो. तुम्ही त्या चौकटीत काही लिहू नका.

विंडोजची आयएसओ असेल तर स्टार्टनंतर एक टिकमार्कांची खिडकी येते: टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची अट काढा, मायक्रोसॉफ्ट अकाउंटची सक्ती काढा, अमुक नावाचं लोकल अकाउंट बनवा, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) आपोआप चालू होऊ देऊ नका, वगैरे. सोय झकास आहे, पण मागच्या वेळचे टिकमार्क तिथे लक्षात ठेवलेले असतात. स्वतःसाठी बनवताना टाकलेलं नाव पुढच्या पेनड्राइव्हलाही लागतं, आणि त्या पेनड्राइव्हवरून जेवढ्या मशीनवर विंडोज टाकाल तेवढ्यांवर तेच अकाउंट तयार होतं. गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर दुकानदाराचं नाव दिसतं ते असं. ओके दाबण्याआधी वरपासून खालपर्यंत वाचा. आणि मुख्य खिडकीतल्या ‘इमेज ऑप्शन’मध्ये ‘विंडोज टू गो’ निवडलं गेलं नाही ना, तेही बघा. ते निवडलं तर इन्स्टॉलर बनत नाही, पेनड्राइव्हवरच चालणारं विंडोज बनतं.

टक्क्यांच्या पट्टीवर फार विश्वास नको, विशेषतः लिनक्सवर. तिथे फाइल लिहिली की ती आधी रॅममध्ये साठते आणि मग सावकाश पेनड्राइव्हवर उतरते. नेहमीच्या सेटिंगमध्ये मोकळ्या मेमरीच्या २० टक्क्यांपर्यंत असं साठू शकतं. १६ जीबी रॅम असेल तर तीनेक जीबीची आयएसओ जवळपास पूर्ण रॅममध्येच मावते. पट्टी मिनिटभरात शंभरवर जाते आणि पेनड्राइव्ह मात्र अजून लिहीतच असतो. साधा पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहितो असं धरलं तर तीन जीबीला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागायलाच हवा. त्याआधी ‘झालं’ दिसलं तर ते खोटं समजा. काढण्याआधी ‘इजेक्ट’ करा, आणि ‘लिहिणं चालू आहे, काढू नका’ असं आलं तर थांबा. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘डीडी’ ही कमांड चालवणाऱ्यांनी शेवटी ‘सिंक’ द्यायचं, प्रॉम्प्ट परत येईपर्यंत पेनड्राइव्हला हात लावायचा नाही. व्हेंटॉयवर आयएसओ कॉपी करून पेनड्राइव्ह लगेच उपटला की ती अर्धवट राहते, आणि मग ‘व्हेंटॉय चालत नाही’ अशी तक्रार येते.

एचरचं कौतुक होतं ते तीनच बटणांमुळे: फाइल निवडा, ड्राइव्ह निवडा, फ्लॅश करा. तो लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो, हे खरोखर चांगलं आहे, ती पायरी वगळू नका. पण तीन बटणांचा साधेपणा प्रश्न लपवतो, सोडवत नाही. एचरला डीडीसारखी नक्कलच करता येते. विंडोजची आयएसओ दिली तर तो ‘ही विंडोजची इमेज दिसते, तिला वेगळी प्रक्रिया लागते’ असं सांगतो, पण पुढे जायचं बटणही तिथेच देतो. लोक ते दाबतात, ताडणीही यशस्वी होते, आणि पेनड्राइव्ह बूट होत नाही. विंडोजसाठी एचर वापरूच नका.

व्हेंटॉय हा वेगळाच प्रकार आहे. पेनड्राइव्हवर तो एकदाच बसवायचा, त्यानंतर आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या. दोन-चार डिस्ट्रो जवळ बाळगणाऱ्याला यासारखं दुसरं नाही. खिडकीत ‘इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट’ शेजारी शेजारी आहेत. अपडेटने फाइली राहतात, इन्स्टॉलने सगळं पुसतं. दोनदा विचारतो खरा, पण नवी आवृत्ती टाकताना घाईत चुकीचं बटण दाबणारे कमी नाहीत. सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर पहिल्यांदा लावल्यावर निळ्या पडद्यावर ‘व्हेरिफिकेशन फेल्ड, सिक्युरिटी व्हायोलेशन’ येतं. घाबरून बंद करू नका: ओके, मग एक कळ दाबून पुढे, ‘एन्रोल की फ्रॉम डिस्क’, यादीतलं ‘व्हीटॉयईएफआय’, त्यातली ‘एन्रोल धिस की’ने सुरू होणारी फाइल, ‘कंटिन्यू’, ‘येस’, रीबूट. त्या मशीनवर हे एकदाच करावं लागतं.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी कार्ड बनवणाऱ्या इमेजर प्रोग्राममध्ये पर्याय लपवण्याचं हेच दुखणं वेगळ्या रूपात दिसतं. युजरनेम, वायफाय, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करायची सोय) यांची सेटिंग २०२१च्या सुमारास कंट्रोल, शिफ्ट आणि एक्स दाबल्याशिवाय उघडतच नसत. मग गिअरचं चिन्ह आलं, नंतर लिहिण्याआधी विचारणारी खिडकी आली. त्या खिडकीत ‘नो’ आणि ‘नो, क्लिअर सेटिंग्ज’ अशी दोन नकाराची बटणं होती. आणि २०२२पासून त्या सिस्टममध्ये आयतं ‘पाय’ अकाउंट येत नाही, त्यामुळे मॉनिटर न लावता वापरणाऱ्याने ‘नो’ दाबलं की कार्ड बूट होतं पण लॉगिनच करता येत नाही.

तुमचा लॅपटॉप बूट होत नाही त्याकडे येऊ. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेन्यूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच मॉडेलना एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, एसरलाही एफ१२ पण ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते, असूसच्या लॅपटॉपला एस्केप. कळ पकडता येत नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा आणि ‘यूज अ डिव्हाइस’मध्ये जा. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ज्या ओळीत ‘यूईएफआय’ आहे ती घ्या.

यादीत तो मुळीच नसेल तर पोर्ट बदला, हब काढा, नाहीतर लिहिण्यात गडबड झाली आहे. यादीत आहे पण निवडल्यावर सिक्युरिटीची सूचना येऊन परत फिरतो, तर सिक्युअर बूटने अडवलंय. ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटनंतर जुन्या लिनक्स आयएसओंना ‘एसबॅट’ नावाची, म्हणजे जुना बूटलोडर अडवल्याची, सूचना येऊ लागली. तिथे पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा बनवून काहीच होत नाही, उबंटूची ताजी आयएसओ उतरवा. सिक्युअर बूट बंद करायचंच असेल तर आधी बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बंद केल्यावर विंडोज ती मागू शकतं, आणि ती नसेल तर डेटा गेला.

विंडोजचा इन्स्टॉलर सुरू होतो पण डिस्कच दिसत नाही, हीसुद्धा पेनड्राइव्हची चूक समजली जाते. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ‘व्हीएमडी’ (डिस्क हाताळायची इंटेलची सोय) चालू असतं आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉलरजवळ नसतो. लॅपटॉप कंपनीच्या पानावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवा आणि तो उलगडून, आयएनएफ फाइली दिसतील अशा फोल्डरमध्ये पेनड्राइव्हवर ठेवा. ‘लोड ड्रायव्हर’ला ईएक्सई फाइल ओळखता येत नाही. याउलट ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ ही सूचना नावाप्रमाणे ड्रायव्हरची वाटते, पण बहुतेकदा आयएसओ अर्धवट उतरलेली असते किंवा पोर्ट आवडलेला नसतो. रुफसमध्ये ‘सिलेक्ट’ शेजारी टिकचं गोल बटण आहे, त्याने आयएसओचा एसएचए२५६ आकडा (फाइल जशीच्या तशी आहे का हे सांगणारी खूण) काढा आणि उबंटूच्या किंवा मायक्रोसॉफ्टच्या पानावरच्या आकड्याशी ताडा.

हे सगळं जुळूनही लिहिणं दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडत असेल, तर पेनड्राइव्ह बनावट असल्याची शंका घ्या. रस्त्यावर स्वस्तात मिळणारे ६४ जीबीचे पेनड्राइव्ह आत आठ जीबीचे निघतात. आठ जीबीपुढे लिहिलेलं हरवतं आणि विंडोजला ते कळतही नाही. रुफसमधलं ‘चेक डिव्हाइस फॉर बॅड ब्लॉक्स’ एका फेरीवर ठेवून चालवा. सेकंदाला १० एमबीने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास लागतात, वाचायला आणखी, म्हणून रात्री लावून ठेवा.

आणि ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं तर पेनड्राइव्ह उघडलेली एक्सप्लोररची खिडकी बंद करा, अँटिव्हायरस आणि विंडोजचं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ बघा. कुठला प्रोग्राम पेनड्राइव्ह धरून बसलाय ते रुफसच्या लॉगमध्ये बऱ्याचदा नावानिशी लिहिलेलं असतं. लॉग कंट्रोल आणि एल दाबून उघडतो. तरीही अडलं तर तो लॉग पूर्ण, लॅपटॉपचं मॉडेल, आणि बूट मेन्यूचा मोबाइलवर काढलेला फोटो, एवढं पाठवा.